आउटरवर उभी गाडी

समता कॉलनी, रायपूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

शेखर,

नानांचा मोबाईल तू नंतर आलास तेव्हा नेलास, तो चालू आहे का? एवढंच कळव.

माझा नंबर तू केव्हाच ब्लॉक करून टाकलास, म्हणून हे पत्र. पोस्टातल्या खिडकीवरच्या पोराने पाकिटावरचा मालीगाव, गुवाहाटी हा पत्ता वाचून मला विचारलं, "आंटी, सामनेवाले के पास व्हॉट्सअ‍ॅप नहीं है क्या?" मी म्हटलं, आहे, पण सामनेवाल्याला बहीण नाही. त्याला काही कळलं नाही. तुला कळेल.

एका ओळीसाठी पाकीट खर्ची घालायला जीव होत नाही, तर इकडची हालहवाल वाच. मी मागच्या वर्षी शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झाले. घरात बसून किती जणांना नावं ठेवणार? म्हणून कॉलनीतली बारा ते चौदा वर्षांची आठ मुलं गोळा केली. दर रविवारी दहा वाजता बागेतल्या कडुनिंबाखाली आमचा गट बसतो. प्रत्येक जण आपापल्या घरची प्रार्थना म्हणतो, मग एक छोटा धडा, मग गोल करून प्रत्येकाने त्या आठवड्यात लपवलेली एक गोष्ट सांगायची. मग सेवेचं काम. काम मुलांनीच निवडायचं आणि मुलांनीच करायचं, मी फक्त सोबत जायचं, हा नियम माझाच. मला सगळे दीदी म्हणतात. एकसष्टाव्या वर्षी दीदी, हस तू.

काम निवडायला पोट्टे वही घेऊन घरोघर फिरले. प्रश्न एकच, इथे कोणाकडे कोणी लक्ष देत नाही? लोकांनी नाली सांगितली, गाई सांगितल्या, एका आजोबांनी स्वतःलाच सांगितलं. चहाच्या टपरीवर शेवंता होती. ती स्मशानात अस्थींची खोली सांभाळते. ती म्हणाली, "माझ्याकडच्यांकडे."

तर मुलांनी तेच निवडलं. मी किती समजावलं, झाडं लावा, रद्दी गोळा करा. नाही म्हणजे नाही. त्या खोलीत फळ्यांवर त्रेचाळीस मडकी होती, लाल फडक्यात बांधलेली. गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि घरच्यांचा नंबर. कोणी न्यायला आलंच नाही अशी. मुलं धूळ पुसतात, फडकं बदलतात, पुसट झालेली चिठ्ठी नव्याने लिहितात. मग ते नाव एकदा मोठ्याने वाचतात, कारण शेवंता म्हणते, यांना वर्षानुवर्षं कोणी नावाने हाक मारलेली नाही. आणि मग नंबर लावतात. सहा घरचे लोक येऊन घेऊनही गेले.

काल नंबर लावताना गटातल्या पूर्णिमाच्या हातून चुकून नानांचा नंबर लागला. कोणीतरी उचलला. म्हणून विचारते.

आपलं तिथे कोणी नाही, हे सांगायला नकोच. नानांना मी स्वतः राजिमला, संगमावर नेलं होतं. तू नव्हतास.

ताई

·

रायपूर
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

शेखर,

तुझं उत्तर नाही. इतक्या वर्षांत नव्हतं, ते दोन आठवड्यांत काय येणार. तरी पोस्टमन दिसला की गेटपर्यंत जातेच.

मागच्या पत्रात मी 'चुकून' लिहिलं, ते खरं नाही. दहाच्या दहा आकडे चुकून कसे लागतील, हे तुझ्याही डोक्यात आलं असेल. खोलीतल्या सतरा नंबरच्या मडक्याच्या चिठ्ठीवर नानांचा मोबाईल नंबर आहे. कोणा कारकुनाने भलत्याच कागदावरचा नंबर उतरवला असणार. करोनाच्या त्या एप्रिलमध्ये तिथे काय गोंधळ होता, तुला माहीत नाही, तू पाहिलेला नाहीस.

पूर्णिमाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिच्या वडिलांचं पंडरी बाजारात कापडाचं दुकान आहे. पोट्टी तेरा वर्षांची. गटात आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, नाव विचारलं तर चपलांकडे बघायची. आता अनोळखी माणसांना फोन करते आणि त्यांचा माणूस कुठे ठेवलेला आहे ते शांतपणे सांगते. कोणी शिव्या देतं, कोणी रडतं, कोणी ठेवून देतं. ती ऐकून घेते आणि वहीत लिहिते. ऐकलं तेवढंच लिहायचं, आपल्याला काय वाटलं ते नाही, हाही माझाच नियम.

तिचे वडील आधी तणतणत आले होते. "पोरीच्या जातीले मसणात काहून नेऊन राहिल्या तुम्ही?" माझ्या आधी पूर्णिमाच म्हणाली, "पापा, एक बार आके देख लो, फिर मना करना." ते आले. फळीपुढे उभे राहिले, चिठ्ठ्या वाचत गेले आणि एका नावापाशी थांबले. त्यांच्या दुकानाबाहेर बारा वर्षं मशीन घेऊन बसणारा शिंपी होता तो. त्यांना वाटत होतं तो गावी निघून गेला. दुसऱ्या दिवशी लाल कापडाचा पूर्ण तागा आमच्याकडे आला, आणि शिंप्याला ते स्वतः घेऊन गेले. हे सगळं या पोट्टीने केलं, मी नुसती बाजूला उभी होते.

आता तिच्या वहीतलं उतरवून देते, जसं आहे तसं.

'९ नवंबर. सतरा नंबर. फोन उठाया. बोले, हव, बोला. मैंने कहा, आपके कोई यहाँ रखे हैं, ले जाइए. बोले, मालूम आहे. निघूनच राहिलो. गाडी कामाख्याले उभी आहे.'

'१६ नवंबर. बोले, मालदा. गाडी लेट आहे. जेवले का तुम्ही पोट्टेहो.'

'२३ नवंबर. बोले, खडगपूर. इथे इंजिन बदलते. टाइम लागन.'

'हव, बोला' असं म्हणून फोन उचलणारा माणूस आपल्या ओळखीचा एकच होता. हव हा शब्द नानांनी या गावात येऊन उचलला आणि मरेपर्यंत सोडला नाही, आई चिडायची त्यावरून.

मी पूर्णिमाला विचारलं, आवाज कसा होता? "बूढ़े आदमी का, दीदी. पीछे गाड़ी खड़ी थी." खडी गाडी तुला कशी कळली? तर म्हणाली, "हवा छूटती है ना पाइप से. चलती गाड़ी में वो आवाज़ नहीं आती." गटातल्या धाकट्या नीलने नकाशा काढून कामाख्यावर बोट ठेवलं. "ये तो आसाम में है. इतने दूर से आ रहे हैं बेचारे!"

कामाख्याचं स्टेशन कोणाच्या रेल्वे क्वार्टरमधून दिसतं, हे मी मुलांना सांगितलं नाही.

फोन चालू आहे का, एवढं तरी लिही.

ताई

·

रायपूर
सोमवार, १ डिसेंबर २०२५

शेखर,

पुरे झालं.

काल झारसुगुडा. पूर्णिमाने वहीत लिहिलंय, 'बोले, झारसुगुडा. इथे चहा चांगला भेटत होता. आता नाही भेटत.' हे वाक्य जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. नाना मालगाडीचे गार्ड असताना लाइनवरून घरी आले की डबा ठेवायच्या आधी हेच बोलायचे. आपण दोघं मागून त्यांची नक्कल करायचो. तुझी जास्त हुबेहूब व्हायची.

तर तूच आहेस ना? नानांचं सिम घालून बसलास आणि तेरा वर्षांच्या पोरीशी हा खेळ करतोस? माझ्यावर राग आहे, तर मला फोन करून चार शब्द सुनाव. मी सुनावले तेव्हा तूही ऐकून घेतलेस. पण या मुलांना मध्ये घेऊ नकोस. ती रविवारी सकाळी नऊपासून वाट बघतात की आज आजोबा कुठपर्यंत आले. नीलने नकाशावर शाईने रेघ ओढली आहे. ती रेघ आता आपल्याकडे वळली आहे.

मी काल पूर्णिमाला सांगितलं, सतरा नंबरवर काट मार, तो माणूस चेष्टा करतो. ती मग मराठीत बोलली, एरवी ती हिंदीतच उत्तर देते. "काहून, दीदी? तो तर येऊन राहिला ना. रस्त्यातल्या माणसाले आपण नको येऊ कसं म्हणू?" मी आवाज चढवला. ती रडली नाही. वही छातीशी धरून म्हणाली, "काम मुलांनी निवडायचं, तुमचाच नियम आहे."

माझ्याच नियमांनी मला भिंतीशी नेऊन उभं केलंय. गोलामध्येही तसंच झालं. आठही जणांचं सांगून झालं. नीलने आईच्या पर्समधलं चॉकलेट खाल्लं होतं, पूर्णिमाने आजीचं पत्र उघडून वाचलं होतं. मग नील म्हणाला, "दीदी, आपकी बारी हर बार छूट जाती है." मी म्हटलं, मोठ्यांची पाळी नसते. "नियम में तो ऐसा नहीं है," तो म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

त्या खोलीत मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. बाहेर बाकावर बसते. गुडघे दुखतात असं सांगितलंय. शेवंता काल चहा घेऊन आली आणि माझ्या बाजूला बसली. म्हणाली, "बाई, सतरावाला आजकल जागा सोडून राहिला. मी आत ठेवते, सकाळी पाहिलं तर फळीच्या काठावर, दरवाजाकडे." मी म्हटलं, मुलांचा हात लागत असेल. ती म्हणाली, "पोट्टे तर इतवारलेच येतात." आणि चहा संपवून उठून गेली.

तूच आहेस, एवढं कबूल कर. मी काही बोलणार नाही. उलट बरं वाटेल.

ताई

·

रायपूर
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय शेखर,

तुझं पाकीट काल आलं. अक्षर पाहूनच पायऱ्यांवर बसले. चार ओळी, पण आल्या. परत परत वाचल्या, आता पाठ आहेत. 'नानांचा फोन माझ्याकडे कपाटात त्यांच्या मफलरमध्ये गुंडाळून ठेवलेला आहे. सिम तीन वर्षांपूर्वीच बंद झालं, बॅटरी फुगली म्हणून मी काढून टाकली. आज उघडून बघितलं, तसाच आहे. मी कोणाशी बोललेलो नाही. ताई, कोण बोलतंय?'

तू खोटं बोलत नाहीस. लहानपणीही नाही बोलायचास, म्हणून मार तूच खायचास.

तेव्हा आता माझी पाळी. मुलांच्या गोलात जमली नाही, तुझ्यापुढे करते.

नाना राजिमला गेलेच नाहीत. सतरा नंबरचं मडकं त्यांचं आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, रामकृष्ण, वय ८४, एप्रिल २०२१. आडनाव नाही, म्हणून मुलांना कळलं नाही.

तेव्हा दवाखान्यातून नेणारेच त्यांना परस्पर घेऊन गेले, मी लांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी अस्थी न्यायला बोलावलं. ऑटोने गेले. गेटाच्या आत खोलीचं दार उघडं होतं. जमिनीवर, फळ्यांवर, बाहेरच्या ओट्यावर नुसती लाल बोचकी. एक माणूस नाक बांधून उभा होता, त्याने विचारलं, "आपका कौन सा?" आणि शेखर, मी मागे फिरले. रोगाची भीती होती, हे आहेच. पण त्याहून वेगळी एक भीती होती. नाना त्यातल्या एकात आहेत, हे मला बघायचं नव्हतं. त्याच ऑटोत बसले. ऑटोवाल्याने विचारलं, हो गया? मी म्हटलं, हो गया.

घरी आले तर तुझा फोन. तू रडत होतास. गाड्या बंद, सुट्टी नाही, तुझ्या घरात दोघं तापाने पडलेले. तू विचारलंस, ताई, नीट झालं ना सगळं? आणि मी म्हटलं, झालं, राजिमला सोडून आले, एकटी गेले. वाटलं होतं, उद्या जाईन, मग ते खरंच होईल. उद्या गेले नाही. परवा गेले नाही. मग रोज जरा जास्तच कठीण झालं.

एवढ्यावर थांबले असते, तर माणूस म्हणून चाललं असतं. पण पुढचं मी जाणूनबुजून केलं. जेव्हा जेव्हा तू काही बोललास, घराबद्दल, आईच्या बांगड्यांबद्दल, तेव्हा मी तेच तोंडावर फेकलं. नानांना राजिमला कोणी नेलं? तू कुठे होतास? तुझ्या बायकोसमोर म्हटलं, तुझ्या मुलाच्या मुंजीत म्हटलं. तू मान खाली घातलीस आणि माझ्याशी बोलणं बंद केलंस. मला चुकीचं वाटायचं नाही. शंभरदा सांगितलेलं खोटं मलाही घडल्यासारखं आठवायला लागलं होतं. संगमावर पाणी किती होतं तेसुद्धा आठवायचं.

फोन नंबरचंही सांगून टाकते. कारकुनाने काही चूक केली नाही. दवाखान्यात फॉर्मवर 'नातेवाइकाचा संपर्क' विचारला आणि मी नानांचाच नंबर सांगितला. गॅसचं कार्ड, लाइट बिल, बँक, सगळीकडे आपण तोच नंबर द्यायचो, मला दुसरा पाठच नव्हता. म्हणजे नानांना न्यायला या, हे सांगायचा फोन नानांनाच जात राहिला. मुलांनी नंबर लावायला माझा मोबाईल मागितला होता, मी चार्जिंग नाही म्हणाले. माझ्यात तो नंबर अजून 'नाना' म्हणूनच आहे, स्क्रीनवर आला असता.

गेल्या रविवारी बिलासपूर झालं. वहीत आहे, 'बोले, बिलासपूर. आता आपलंच घर. ते पोरगी येते का तिथे, बाहेर बाकावर बसते ते?'

पूर्णिमाने मला विचारलं, "दीदी, उन्हें कैसे पता आप बाहर बैठती हैं?" मी वही मिटून तिला परत दिली.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी कामाख्यापासून निघाली. म्हणजे इतकी वर्षं ते तुझ्याकडे होते. तू त्यांचा फोन त्यांच्या मफलरमध्ये ठेवलास, आणि ते तिथे राहायला आले. मी तुला म्हणत राहिले, तू आला नाहीस. मीच गेले नव्हते, शेखर. तुझ्याकडे तर ते स्वतः आले.

परवा रविवार आहे. मुलांना सांगणार आहे. ती गट सोडून जातील, त्यांचे आईबाप काय म्हणतील, माहीत नाही. तुला वाटेल ते तूही म्हण. मला फार भीती वाटते आहे.

तुझी ताई

·

रायपूर
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

प्रिय शेखर,

सांगितलं.

गोल झाला, आठ जणांनी आपापलं सांगितलं, आणि नवव्या पाळीला मी म्हटलं, सतरा नंबर माझे वडील आहेत. पुढचंही सगळं सांगितलं, ऑटोपासून तुझ्या मुलाच्या मुंजीपर्यंत. मोठ्या माणसाने मुलांपुढे एवढं उघडं व्हावं की नाही, मला कळत नाही. झाले. नील तोंड उघडं टाकून बघत होता. चौदा वर्षांचा यशदीप, गटातला सगळ्यात मोठा, त्याने नजर खाली वळवली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मग पूर्णिमा उठली. मला वाटलं घरी जाते. तिने पिशवीतून लाल फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "चला दीदी. जो न्यायला येतो, नाव त्यानेच वाचायचं असते." सतरा वेळा तिने हा नियम लोकांना सांगितलाय, त्याच आवाजात मला सांगितला. ना कमी, ना जास्त. मला माफ केल्यासारखं नाही आणि रागावल्यासारखंही नाही. शेखर, त्या आवाजाचा मला केवढा आधार वाटला.

मी आत गेले. दुपारचे बारा, दारातून चांगला उजेड येत होता, तरी खोली गार होती. फळीवर आता सव्वीसच राहिलेत. शेवंताने हात केला. सतरावं अगदी काठावर होतं, दरवाजाकडे. मी जुनं फडकं सोडलं. यशदीपने खालून मडक्याला हात लावून धरलं. नवीन बांधलं. नाव वाचायचं होतं, माझ्या तोंडून 'नाना' निघालं. पूर्णिमा म्हणाली, "पूरा नाम." मग पूर्ण वाचलं, आडनावासकट.

वाटलं, झालं. पण त्यांचा अजून एक नियम आहे, न्यायला माणूस आला की त्या नंबरला शेवटचा फोन करून कळवायचं. यशदीपने नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. रिंग गेली. मी भिंतीला टेकले.

"हव, बोला."

तू विचारलंस ना, कोण बोलतंय? मी ऐकलं, शेखर. मागे हवा सुटत होती, खड्या गाडीची.

पूर्णिमा म्हणाली, "आजोबा, तुम्हाले न्यायला माणूस आला आहे." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नाना, मी क्षमा, तुमची लेक."

मग म्हणाले, "पोहोचली का तू?"

आठवतं तुला? आपण कुठूनही फोन केला की नानांचा हाच पहिला प्रश्न. शिबिराला गेले तेव्हा, सासरी गेले तेव्हा, सासरहून परत आले तेव्हासुद्धा. मी म्हटलं, "हो नाना. आत्ता पोहोचले. उशीर झाला."

"हव," म्हणाले. "मी उरकुऱ्याच्या पुढे, रायपूरच्या आउटरवर उभा आहे. सिग्नल नाही."

मी म्हटलं, नाना, मी आले ना, उतरा आता. तर म्हणाले, "तू तर आली. शेखर काही आला नाही अजून. त्याले घेऊनच येतो. नाही तर तू पुन्हा त्याले बोलशील."

फोन बंद झाला. यशदीपने परत लावला, तर बाई बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही. नंतर पाच-सहा वेळा लावला, तेच. मी जमिनीवर बसून लहान मुलीसारखी रडत होते. शेवंता म्हणाली, रडू दे तिले. आठही मुलं माझ्याभोवती खाली बसली. आपापल्या घरच्या प्रार्थना आळीपाळीने म्हणत राहिली, आठ घरच्या आठ.

मडकं मी घरी आणायला निघाले होते. पूर्णिमाने अडवलं. "ते म्हणाले ना, भावाले घेऊन. आपण ऐकलं तेवढंच करायचं." तिचंच बरोबर आहे. एकटीने राजिमला जाण्याची माझी हौस फिटली आहे. नाना फळीवर आहेत, मी रोज सकाळी जाऊन नाव वाचून येते. बाकावर बसत नाही, आत जाते. आज गेले तेव्हा मडकं काठावरच होतं. मी आत सरकवलं नाही.

मुलं गट सोडून गेली नाहीत. तू येशील तेव्हा सगळी स्टेशनवर येणार म्हणतात. पूर्णिमाच्या वडिलांनी राजिमपर्यंत गाडी देतो म्हणून सांगितलंय. तू येणार आहेस की नाही, हे मी अजून विचारलेलंच नाही आणि इकडे गाडीसुद्धा ठरली, बघ. मला माफ कर असं लिहायला बसले होते, तर हात अडला. ते तोंडाने सांगते. तू समोर उभा असताना, तुझ्या बायकोसमोर, मुलासमोर, जिथे जिथे म्हटलं होतं तिथे सगळीकडे.

तू ये. कुठल्याही गाडीने ये, बिलासपूरकडून येणारी प्रत्येक गाडी उरकुऱ्यानंतर आउटरला उभी राहते, तुला काय सांगायचं. लोक वैतागून सामान घेऊन दारात जाऊन उभे राहतात. तू उठू नकोस. बाजूच्या सीटवर तुझी बॅग असेल तर मांडीवर घे, आणि जरा सरकून बस. हवा सुटल्याचा आवाज थांबला आणि गाडी हलली की समज, सिग्नल मिळाला.

मी प्लॅटफॉर्मवर आहे. या वेळी गेटातून परत फिरणार नाही. दोघं सोबतच उतरा.

तुझी
ताई